बाजारात तुरी आणि घरात हप्ते

पत्र थोडक्यात असं: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंच्या घरात दोन फोन आहेत, दोन्ही एका मोठ्या मोबाइल कंपनीकडून ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतलेले. यजमानांचा १,००० डॉलरचा. जुना फोन दिल्यावर त्यावर ८०० डॉलरची सूट मिळाली. ताईंचा ८०० डॉलरचा, तो ‘पूर्ण फुकट’. दोन्हींचे सोळा हप्ते झालेत. दहा महिन्यांपूर्वी दुकानातल्या मुलाने मुलांसाठी एक टॅब्लेटही ‘फुकट’ बांधून दिला आणि तेव्हापासून बिल दरमहा २३ डॉलरनं वाढलं. आता सप्टेंबरमध्ये घडी होणारा फोन येणार, पाठोपाठ नवा टॅब्लेट येणार, अशा बातम्या रोज येताहेत. यजमानांना तो फोन हवाय, आणि त्यांचा आत्ताचा फोन दिवाळीत साताऱ्याला ताईंच्या वडिलांना द्यायचं ठरलंय. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, “अपग्रेड केव्हाही करा, फक्त राहिलेले १,३६१ डॉलर भरा.” ताई लिहितात, “घेताना ‘नो कॉन्ट्रॅक्ट’ असं तीनदा सांगितलं होतं. मग हे काय? सगळं फेडून मोकळं व्हावं, हप्ते फेडून देतो म्हणणाऱ्या दुसऱ्या कंपनीत जावं, की नवा फोन येईपर्यंत गप्प बसावं? आमची फसवणूक झाली का?”

ताई,

पत्रासोबत बिलाचं पान जोडलंत ते फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पानावरच आहे. यजमानांच्या नंबराखाली दोन ओळी आहेत बघा. पहिली, डिव्हाइस पेमेंट, ३६ पैकी १६ वा, २७.७८ डॉलर. तिच्या खाली बारीक अक्षरात प्रमोशन क्रेडिट, उणे २२.२२ डॉलर. तुमच्या नंबराखाली २२.२२ आणि उणे २२.२२, म्हणजे शून्य. टॅब्लेटखाली १३.८९ आणि उणे १३.८९, म्हणजे तेही शून्य; पण त्याच्याच वर ‘टॅब्लेट लाइन’ (लाइन म्हणजे प्लॅनमधलं एक कनेक्शन) म्हणून २० डॉलर आणि त्यावरचे कर आणि फिया धरून २३.

याचा अर्थ, तुम्हाला त्या दिवशी दुकानात सूट मिळालीच नव्हती. फोन तुम्हाला पूर्ण १,००० डॉलरना विकला गेला. म्हणूनच न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर पूर्ण हजारावर, म्हणजे ६६.२५ डॉलर, पहिल्याच दिवशी रोख घेतला गेला. तुमच्या ‘फुकट’ फोनवरही ५३ डॉलर गेले. ती पावती शोधा, त्यावर हे आकडे दिसतील. ८०० डॉलरची सूट ही ३६ तुकड्यांत, दर महिन्याच्या बिलातून थेंब थेंब मिळणारी गोष्ट आहे, आणि ती लाइन चालू राहील तोवरच मिळते. कंपनी तुम्हाला फोनवर सूट देत नाहीये. तुम्ही तिच्याकडे राहिलात याचे दोन्ही फोन मिळून महिन्याला ४४.४४ डॉलर तुम्हाला देतेय.

‘नो कॉन्ट्रॅक्ट’ हा शब्द म्हणून तांत्रिकदृष्ट्या खरा ठरतो. प्लॅनचा करार नाही, प्लॅन उद्या बंद करता येतो. पण दुकानातल्या मुलाच्या टॅब्लेटच्या पडद्यावर बोटाने सही केलेला दुसरा कागद होता, ‘रिटेल इन्स्टॉलमेंट अ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे हप्त्याने खरेदीचा करार. बांधून ठेवतो तो हा कागद. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही, कारण भारतात फोन एका दुकानातून आणि रिचार्ज दुसरीकडून, ही सवय हाडात मुरलेली असते. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हाती दिला होता तो ज्यांना आठवत असेल, त्यांना फोन आणि नेटवर्क एकत्र बांधलं की काय होतं तेही आठवेल: सीडीएमए तंत्रज्ञानाचा तो हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालत नव्हता. अमेरिकेत मात्र बांधलेला फोन हाच अनेक वर्षं सरसकट रिवाज होता, आणि तो अजून गेलेला नाही, फक्त त्याचं रूप बदललंय.

ते कसं, हे सांगण्यासारखं आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या मोठ्या अमेरिकी मोबाइल कंपनीने स्मार्टफोनसाठी दोन वर्षांचा करार मोडण्याचा दंड दुप्पट करून ३५० डॉलर केला. एटी अँड टीने जून २०१० मध्ये ३२५ केला. त्यावर मोठी ओरड झाली. पुढे टी-मोबाइलने २०१३ मध्ये, व्हेरायझनने २०१५ मध्ये आणि एटी अँड टीने २०१६ च्या सुरुवातीला दोन वर्षांचे करार नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद केले, आणि लोकांना वाटलं सुटलो. आता हिशेब करा. व्हेरायझनचा तो ३५० डॉलरचा दंड दर महिन्याला १० डॉलरनं उतरायचा. सोळा महिन्यांनंतर एका फोनमागे १९० डॉलर उरायचे. तुमच्याकडे आज, ‘करार’ नसताना, यजमानांच्या फोनची बाकी ५५५.६० आणि तुमच्या फोनची ४४४.४० आहे. जुन्या पद्धतीतही पैसे महागड्या प्लॅनमधून वसूल व्हायचेच, त्यामुळे ती चांगली होती असं नाही. पण बाहेर पडण्याची किंमत तेव्हा एका आकड्यात समोर लिहिलेली असायची. आज ती दोन ओळींच्या वजाबाकीत दडलेली आहे. तुमची चीड मला पूर्ण पटते.

फसवणूक झाली का? कागदावर नाही. तोंडी बरीच झाली. त्याचं काय करायचं ते पुढे लिहितो. आधी पैशांचं बघू.

दुकानातल्या माणसाने १,३६१ हा आकडा सांगून तुम्हाला घाबरवलं. त्यातले दोन फोनचे १,००० आणि टॅब्लेटचे ३६१. पण फोनच्या हजारातले १११ डॉलर तुम्हाला तसेही द्यायचेच आहेत (यजमानांच्या फोनचे महिन्याला ५.५६, वीस महिने). आज बाहेर पडण्याचं खरं नुकसान म्हणजे बुडणारी क्रेडिट्स: यजमानांची ४४४.४० आणि तुमची ४४४.४०, मिळून सुमारे ८८९ डॉलर. हा आकडा दर महिन्याला ४४.४४ नं कमी होतो. सप्टेंबरपर्यंत अजून चार हप्ते जातील, तेव्हा तो ७११ असेल. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात १७८. कॅलेंडरवर हे आकडे महिनावार लिहून फ्रिजवर लावा. नव्या फोनची बातमी आली की तिच्याशेजारी त्या महिन्याचा आकडा वाचायचा. निर्णयाला दुसरं काही फारसं लागत नाही.

आता त्या नव्या फोनबद्दल. तुमच्या पत्रात तो सप्टेंबरमध्ये येणार हे गृहीत धरलंय, आणि सगळा हिशेब त्या तारखेभोवती बांधलाय. बाजारात तुरी असतानाच घरात भांडण सुरू झालंय. अफवा सोडा, कंपनीने स्वतः जाहीर केलेली तारीखही टिकत नाही. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड फेब्रुवारी २०१९ मध्ये मंचावर दाखवला गेला, किंमत १,९८० डॉलर, अमेरिकेत विक्री २६ एप्रिलपासून. परीक्षणासाठी दिलेल्या फोनचे पडदे काही दिवसांत बिघडले, कोणी वरचा थर संरक्षक कागद समजून सोलला, कुठे बिजागरीतून कण आत गेले. आणि विक्री थेट सप्टेंबरवर गेली. घडीच्या फोनमध्ये बिजागरी आणि मधला पडदा हेच नाजूक भाग असतात, आणि ते दुरुस्त करणं महाग असतं. पहिल्या आवृत्तीसाठी धावू नये, किमान पहिले दोन-तीन महिने इतरांचा अनुभव बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्यात तुमचे १३३ डॉलर आणखी सुटतील.

थांबण्याचा दुसरा फायदा बहुधा ठरलेला असतो. ॲपलचा शिरस्ता असा की सप्टेंबरात नवं मॉडेल आलं की आदल्या वर्षीचं साधं मॉडेल १०० डॉलरनं उतरतं. २०२५ मध्ये आयफोन १६ असाच ७९९ वरून ६९९ वर आला. म्हणजे नव्याची अफवा ही कित्येकांसाठी जुना घेण्याची योग्य वेळ सांगणारी घंटा असते.

पण समजा यजमानांचं ठरलंच, फोन आला आणि घ्यायचाच. तर तो त्याच कंपनीकडून, त्याच दुकानातून, पुन्हा ३६ महिन्यांवर घ्यायला हवा असं कुठे आहे? तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं गृहीत हे आहे. फोन थेट बनवणाऱ्या कंपनीकडून अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असा, घेता येतो (ॲपलच्या दुकानात ‘कॅरिअर नंतर जोडा’ हा पर्याय निवडायचा; कॅरिअर म्हणजे मोबाइल कंपनी), आणि यजमानांच्या चालू लाइनचं ई-सिम (फोनमध्येच साठवलेलं, कार्ड नसलेलं सिम) त्या फोनवर हलवता येतं. लाइन तीच, प्लॅन तोच, जुन्या फोनचे हप्ते आणि क्रेडिट्स दोन्ही चालूच राहतात, कारण बहुतेक ऑफरमध्ये क्रेडिट हे लाइन आणि हप्त्याच्या कराराला बांधलेलं असतं. त्या लाइनवर आज कुठला फोन चालतोय याला नाही. हे तुमच्या ऑफरलाही लागू आहे का, ते विकत घेण्याआधी कंपनीच्या चॅटवर लेखी विचारा: “या लाइनवर माझा स्वतःचा दुसरा फोन चालवला तर प्रमोशन क्रेडिट सुरू राहील का?” उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

कंपनीची नव्या फोनवरची भली मोठी ट्रेड-इन (जुना फोन देऊन नव्यावर सूट) ऑफर मोह घालेल. तिथे एक अडचण तुमच्या नजरेतून सुटलीय: यजमानांचा एकच फोन तुम्ही दोन ठिकाणी कबूल केलाय. ऑफरसाठी तो परत द्यावा लागेल, आणि साताऱ्याला तोच जायचाय. शिवाय हप्ते बाकी असलेला फोन ट्रेड-इनला देताना आधी पूर्ण फेडावा लागतो. म्हणजे सप्टेंबरात उरलेली सुमारे ३५६ डॉलरची क्रेडिट्स घालवून नवी, समजा ८०० ची, क्रेडिट्स ३६ महिन्यांत मिळवायची. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे हा, फक्त कोहळा तुमच्या घरून जातो.

वडिलांच्या फोनचं जरा सविस्तर बोलू, कारण तुमच्यासारखी पत्रं दर दिवाळीआधी आणि दर उन्हाळी सुटीआधी येतात.

हप्त्यावरचा फोन सहसा त्या कंपनीला लॉक असतो, म्हणजे त्यात जिओ, एअरटेल किंवा व्हीआयचं सिम चालत नाही. तपासायचं असेल तर आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि खाली ‘कॅरिअर लॉक’. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तर फोन मोकळा आहे. ऑगस्ट २०१४ च्या अमेरिकी कायद्याने गिऱ्हाइकाला आपला फोन अनलॉक करण्याची मुभा परत दिली खरी, पण हप्ते बाकी असताना कंपनीने अनलॉक करून द्यावा असं तो म्हणत नाही. एटी अँड टीकडे फोन पूर्ण फेडलेला आणि किमान ६० दिवस चालू असावा लागतो, टी-मोबाइलकडे पूर्ण फेडलेला आणि ४० दिवस त्यांच्या नेटवर्कवर. व्हेरायझनचे फोन बरीच वर्षं ६० दिवसांनी आपोआप मोकळे होत, आणि लोक अजूनही ते ऐकीव ज्ञान एकमेकांना देतात. त्यावर विसंबू नका, तुमच्या खरेदीच्या तारखेला कुठलं धोरण लागू होतं ते कंपनीच्या अनलॉकिंगच्या पानावर वाचा.

आणि इथे खरी कोंडी आहे. अनलॉकसाठी फोन फेडा, आणि फेडला की अनेक ऑफरमध्ये उरलेली क्रेडिट्स तिथेच थांबतात. काही ऑफरमध्ये लाइन चालू असेपर्यंत ती मिळत राहतात. हा फरक ४४४ डॉलरचा आहे, म्हणून “पैसे आहेत तर फेडून टाकू” असं म्हणून ॲपमधलं ‘पे ऑफ’ बटण दाबू नका. कर्ज लवकर फेडणं चांगलं, हा आपला संस्कार इथे उलटा पडतो: या हप्त्यांना व्याज नाही, त्यामुळे लवकर फेडण्यात कवडीचाही फायदा नाही, तोटा मात्र होऊ शकतो.

त्यातून तो फोन साताऱ्याला पोचला तरी काम संपत नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. वडिलांचं प्लॅस्टिकचं सिम त्यात बसणार नाही. त्यांच्या कंपनीकडून ते ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल, आणि पुढे कधी फोन बिघडला तर सिम काढून शेजारच्या साध्या फोनात घालण्याची त्यांची सोय गेली. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही गावी असतानाच, पहिल्या दोन दिवसांत हे बदलून, एक ओटीपी येऊन गेलेला बघून मगच परत निघा.

म्हणून माझा सल्ला असा की वडिलांना दिवाळीत हा फोन देऊ नका. त्यासाठी आजच फेडलं तर बुडणारे ४४४ डॉलर म्हणजे पस्तीस हजारांहून जास्त रुपये. तेवढ्यात साताऱ्यातच दोन सिमचा, तिथल्या वॉरंटीचा उत्तम फोन येईल, आणि बिघडला तर ते स्वतः दुकानात जाऊ शकतील. यजमानांचा फोन त्यांना द्यायचाच असेल तर उरलेले वीस हप्ते संपल्यावर, फुकटात अनलॉक करून द्या.

दुसऱ्या कंपनीची “तुमचे हप्ते आम्ही फेडू” ही ऑफर मोहक आहे आणि काही घरांसाठी खरंच चांगली असते. तुमच्या प्रत्येक फोनची बाकी अशा ऑफरमधल्या लाइनमागे नेहमीच्या ८०० डॉलरच्या मर्यादेत बसते. पण ती कशी चालते ते बघा. आधी तुम्ही जुन्या कंपनीचं शेवटचं बिल स्वतः भरता. मग त्या बिलाची पीडीएफ नव्या कंपनीकडे ठरलेल्या मुदतीत चढवता, आणि काही आठवड्यांनी पैसे प्रीपेड कार्डावर येतात, ज्याला संपण्याची तारीख असते. मुदत चुकली, बिलात फोनची बाकी वेगळी दिसली नाही, पीडीएफऐवजी स्क्रीनशॉट चढवला, अशा कारणांनी अर्ज परत येतात. आणि बऱ्याचदा नव्या कंपनीकडे महागडा प्लॅन आणि नवा ३६ किंवा २४ महिन्यांचा हप्ता घ्यावाच लागतो, म्हणजे तुमच्या कॅलेंडरवरचे सोळा महिने पुसून पुन्हा शून्यावर. हप्त्यावरचा नवा फोन न घेता, स्वतःच्याच फोनवर, अशी ऑफर मिळत असेल तरच गंभीरपणे विचार करा.

जाणारच असाल तर क्रम चुकवू नका. जुनी लाइन आधी बंद करायची नाही. बंद केलीत तर नंबर जातो. जुन्या कंपनीच्या ॲपमधून खाते क्रमांक आणि ‘नंबर ट्रान्सफर पिन’ घ्यायचा, तो नव्या कंपनीला द्यायचा. नंबर तिकडे गेला की जुनी लाइन आपोआप बंद होते. मात्र फोन लॉक असेल तर नवं ई-सिम त्यात चालणार नाही, म्हणून फेडणं, अनलॉक झाल्याचं स्क्रीनवर बघणं आणि मग पोर्ट करणं, असंच जायचं. दोन्हींच्या मध्ये दोन-तीन दिवस धरा.

आता टॅब्लेट. फोनबाबत थांबा म्हणतोय, पण टॅब्लेटबाबत थांबू नका.

टॅब्लेट ‘फुकट’ होता, लाइन नव्हती. २३ गुणिले ३६ म्हणजे ८२८ डॉलर. ५०० डॉलरच्या टॅब्लेटसाठी. त्याच दर्जाचा फक्त वायफायवर चालणारा आयपॅड २०२५ मध्ये ३४९ ला मिळत होता. गंमत म्हणजे पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये आला तेव्हा थ्रीजीचं मॉडेल १३० डॉलरनं महाग होतं, पण त्याचा डेटा बिनकराराचा होता: लागेल त्या महिन्याला १४.९९ किंवा २९.९९ भरा, नको तेव्हा बंद करा. टॅब्लेट ही कधीमधी बाहेर नेण्याची वस्तू आहे हे तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं होतं.

तुमची आजची निवड अशी: लाइन चालू ठेवली तर उरलेले २६ महिने गुणिले २३, म्हणजे ५९८ डॉलर. आज बंद केली तर टॅब्लेटची बाकी २६ गुणिले १३.८९, म्हणजे ३६१ डॉलर एकदम भरावे लागतील. ३६१ चा आकडा ऐकून लोक थबकतात आणि ५९८ भरत बसतात, कारण ते २३-२३ करून जातात. बंद केल्यावर २३७ डॉलर वाचतात, टॅब्लेट तुमचाच राहतो आणि पूर्ण फेडल्यामुळे अनलॉकही करून मिळतो. मुलं तो घरी आणि गाडीत वापरतात असं तुम्ही लिहिलंय. गाडीत तुमच्या फोनचा हॉटस्पॉट पुरेल, तुमच्या महागड्या प्लॅनमध्ये तो असतोच.

हे गणित प्रत्येकाचं वेगळं येईल. सव्वीस महिन्यांऐवजी सहाच उरले असतील तरीही दोन्ही गुणाकार करून बघा. लाइनचा मासिक खर्च टॅब्लेटच्या मासिक हप्त्यापेक्षा जास्त असेल, आणि बाहेर डेटा लागत नसेल, तर बंद करणं नेहमीच स्वस्त पडतं. फक्त एक धोका तपासा: ती टॅब्लेट लाइन बंद केल्याने फोनवरची एखादी सूट तर जात नाही ना. काही विक्रेते एका ऑफरची अट दुसऱ्या लाइनमध्ये गुंतवून ठेवतात.

प्लॅनचंही एकदा बघा. तुमची क्रेडिट्स वरच्या दर्जाच्या अनलिमिटेड प्लॅनच्या अटीवर आहेत. तो खालच्या प्लॅनपेक्षा लाइनमागे समजा १५ डॉलरनं महाग असेल, तर दोन लाइनचे ३६ महिन्यांत १,०८० डॉलर होतात, आणि तुम्हाला मिळणारी एकूण सूट १,६०० आहे. म्हणजे सूट खरी पाचशे-सव्वापाचशेचीच उरते. खालच्या एखाद्या प्लॅनवरही क्रेडिट्स टिकतात का, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. पण न विचारता ॲपमधून प्लॅन बदलू नका. तिथे क्रेडिट्स गेल्याचं पुढच्या बिलातच कळतं. सुटीत भारतात जाताना लाइन काही आठवडे ‘सस्पेंड’ करतात त्यांनीही हेच आधी विचारावं, त्या काळात क्रेडिट थांबू शकतं.

तोंडी आश्वासनांचं काय करायचं, तर ऑर्डरची पुष्टी, हप्त्यांचा करार आणि ऑफरच्या अटी या तिन्ही पीडीएफ खात्यातून उतरवून घ्या. दुकानातल्या मुलाने काही मेसेजवर किंवा छापील अंदाजपत्रकावर लिहून दिलं असेल आणि ते या कागदांशी जुळत नसेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर एफसीसीच्या (अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार नियामकाच्या) ग्राहक तक्रार केंद्रात. ती फुकट आहे, वकील लागत नाही, आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रार दुकानात ज्यांच्याकडे चकरा मारल्यात त्यांच्याकडे न जाता कंपनीच्या वरच्या कक्षाकडे जाते, म्हणून तिचा उपयोग होतो. राग कमी आणि तारखा जास्त लिहा: अमुक दिवशी हे सांगितलं, अमुक बिलात हे आलं, मला अमुक रक्कम परत हवी. नुसतं “आम्हाला समजावून सांगितलं नाही” एवढ्यावर सहसा काही हाती लागत नाही. तुमच्याकडे टॅब्लेटच्या दिवशीचा ‘बिल वाढणार नाही’ असा मेसेज असल्याचं पत्रात ओझरतं लिहिलंय. तो असेल तर सोनं आहे, जपून ठेवा. लाइन बंद करण्याआधीच ती तक्रार करा.

याच वळणावर उभ्या असलेल्या इतर वाचकांसाठी दोन-चार गोष्टी. सही करण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा, “बाराव्या महिन्यात सोडलं तर मी नेमके किती डॉलर भरेन?” आणि तो आकडा लिहून मागा. एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्लॅनची किंमत आणि फिया दाखवणारा ठरावीक तक्ता खरेदीच्या जागी दाखवावा लागतो. तो वाचा, पण फोनचे हप्ते वेगळ्या कागदावर असतात हे विसरू नका. जुना फोन ट्रेड-इनला पाठवताना ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करा, *#०६# दाबून दिसणाऱ्या आयएमईआय नंबरासकट (फोनचा ओळख क्रमांक) पडद्याचा, मागच्या बाजूचा फोटो आणि खोक्यात घालतानाचा छोटा व्हिडिओ काढा, कुरिअरचा क्रमांक जपा. ८०० चे ८० झाल्याच्या तक्रारी बहुतेक इथेच होतात: ‘फाइंड माय’ चालू राहिल्याने लॉक असलेला फोन, न दिसलेली भेग, किंवा मुदतीनंतर पोचलेलं खोकं. क्रेडिट एक ते तीन बिलांमध्ये दिसायला लागतं. चौथ्या बिलातही नसेल तर त्याच दिवशी चॅट उघडा. वस्तू परत करायची मुदत साधारण १४ ते ३० दिवसांची असते आणि परत घेण्याची फी पन्नास डॉलरच्या आसपास, त्यामुळे पहिलं बिल त्या मुदतीत आलं तर ओळ न् ओळ वाचा.

ताई, तुमचं बिलाचं चक्र पानावर १८ तारखेला संपताना दिसतंय. महिन्याच्या मधोमध लाइन बंद केली तरी अनेकदा पूर्ण महिन्याचे पैसे लागतात, म्हणून लाइन बंद करायला सांगणारा चॅट १५-१६ तारखेला करा. त्याआधी एक आठवडा टॅब्लेटच्या सेटिंग्जमध्ये सेल्युलर डेटा बंद ठेवा आणि मुलांना तुमच्या हॉटस्पॉटवर चालवू द्या. आठवडाभरात कोणाची कुरकुर आली नाही, तर १६ ला लाइन बंद करून टाका.